डाव्या पंखाचं पीस

...मन शांत होतं म्हणे! अहो, कुणाचं? माझं तर त्या पिसानं होतं नव्हतं तेवढं शांतपण बी पार उडवून लावलं! नाय, तुम्ही हसू नका, तुम्हाला सांगते, आधी सगळं ऐका, मग हसा, आणि हसता हसता जरा पुढं सरका, मागं जागा मोकळी हाय... बघा! आलंच तोंडात! ही अशी खोड. निम्मं आयुष्य एस.टी.त कंडक्टर म्हणून उभ्यानं काढलं मी, आमच्या डेपोत जाऊन नुसतं चतुराबाई म्हणा, झाडूवाला बी सांगेल. आणि आता रिटायर. घरी बसा म्हणले. अहो बसा म्हणजे काय, बसताच येईना ना मला!

उस्मानपुऱ्यात घर, दोन खोल्या, पुढं ओटा, सगळं चांगलं... पण मी आपली या दारातून त्या दारात. हात तर गप राहतच नाय. आमचे हे टीव्ही बघत बसले की मी कपाटावर टक-टक दोनदा वाजवायची, हे मान न वळवता म्हणायचे, "सुटली का गाडी?" भाचीच्या लग्नात पंगत बसली आणि मी मधून चालत निघाले, "कोण राहिलं? तिकीट कोण राहिलं?" एका म्हाताऱ्यानं खरंच खिशात हात घातला हो! तेव्हा ह्यांनी मला धरून दवाखान्यात नेलं. क्रांती चौकातला डॉक्टर, माझ्या पोराच्या वयाचा, बीपी बघतो आणि म्हणतो, "काकू, एखादा छंद लावून घ्या. मन शांत होतं." मी म्हणलं, गोळी नाय का दुसरी?

तर छंद! भजनी मंडळात गेले, तिथून काढलं, मी म्हणे बायांना घाई करते. विणायला बसले, तर गुंता असा झाला की शेवटी तो कात्रीनं सोडवला. मग आठवल्या मेहरुन्निसा आपा. माझ्या गाडीतल्या जुन्या पासवाल्या, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे अब्बा खुशनवीस होते, म्हणजे सुंदर अक्षर काढून देणारे. निजामाच्या टायमाला सगळं काम उर्दूत. पोलीस ॲक्शन झालं, पाट्या-पत्रिका मराठीत येऊ लागल्या, तसे त्यांनी शेजारच्या मास्तराकडून बाराखडी गिरवून घेतली आणि परत दुकान मांडलं. आपांच्या हाताला दोन्ही अक्षरं तिथूनच. त्या बायांना हौसेनं शिकवतात, कलम सुद्धा आपली आपण करायची, विकतची नाय. गेले मी. पहिल्या दिवशी बोरू हातात दिला, म्हणल्या 'अ' काढा. काढला. आपांनी चष्मा वर केला, खाली केला...

"चतुराबाई, ये अ है के किसी कू लात मारी?"

"घाईत झाला आपा."

"कायकू घाई? हर्फ कहीं भाग के जा रा क्या?"

आता काय सांगू, हो, भाग के जा रा! अक्षरच काय, मला सगळंच सुटून चाललंय असं वाटतं! दुसरा अ काढला, बोरू फाटला. तिसरा बोरू दिला, तो टेबलात रुतला. आपा म्हणल्या, "नक्को, तुमकू बांबू नक्को. तुमकू पर होना. पिसाची कलम. बांबूवर जोर चलता, परावर नहीं चलता. जोर किया तो फट से फाटता. वोइच तुमकू सबर सिखाएगा." आणि पीस कसलं? कोंबडीचं चालत नाय, कावळ्याचं बारीक. मोठ्या हंसाचंच पाहिजे, आणि ते बी... हे नीट ऐका, सगळं रामायण इथून हाय... ते बी डाव्या पंखाचं! उजव्या हातानं लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचंच नीट बसतं, ते बाहेर वळतं, डोळ्यापुढं येत नाय. मी म्हणलं बरं. मन शांत होतं म्हणे, मग डावं तर डावं!

तेवढ्यात नानासाहेबांचा फोन. नानासाहेब म्हणजे आमच्या डेपोतले जुने हेडक्लार्क, मराठी इतकी शुद्ध की "गाडी लेट हाय" एवढं सांगायला बी त्यांना विलंब लागायचा. म्हणले, "चतुराबाई, आपण सुलेखन शिकत आहात असे कानी आले. कडूबा सेवानिवृत्त होत आहेत. त्यांचे मानपत्र आपल्या हस्ताक्षरात व्हावे. परंतु त्यांना कळता कामा नये. गोपनीय!"

कडूबा! आता कडूबा कोण हे तुम्हाला सांगते. माझा ड्रायव्हर. म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, पण आमची जोडी इतकी वर्षं एकाच गाडीवर की लोकं म्हणायचे कडूबाची कंडक्टर आणि चतुराबाईचा ड्रायव्हर. साधा माणूस, पैठण रोडला शेती, बायको आवडाबाई, आणि सगळ्या नोकरीत एक अपघात नाय हो! कोंबडी सुद्धा नाय मारली चाकाखाली. छातीवर सुरक्षित सेवेचा बिल्ला, तो इस्त्रीच्या आधी काढायचा आणि इस्त्री झाली की आधी लावायचा. आणि एकदा, कन्नडच्या घाटात, एका पिलेल्या माणसानं माझा हात धरला. मी ओरडायच्या आत गाडी थांबली. कडूबा उतरला, मागच्या दारानं वर आला, आवाज चढवला नाय काय नाय, म्हणला, "मॅडमची माफी माग. नाय मागत तोवर गाडी हलत नाय." भर घाटात! मागं ट्रकांची रांग, पुढं दरी, आणि हा हाताची घडी घालून उभा. मागितली माफी. मग जाऊन बसला शिटावर, मी डबल बेल दिली, गाडी सुटली. परत कधी त्या गोष्टीचं नाव नाय काढलं त्यानं. अशा माणसाचं मानपत्र! मी नाय लिहिणार तर कोण?

आणि हंस कुणाकडं? त्याच कडूबाच्या शेतावर! राखणीला पाळलेले. नाव राजहंस, पण वागणं... फौजदार बरा! गेले मी एक दिवस सहज आल्यासारखी. चहा झाला, मग मी आपली गोठ्यामागं वाकून पडलेली पिसं हुडकतेय, तर आवडाबाई कमरेवर हात देऊन उभी.

"काय हुडकायल्या व्हो चतुराबाई?"

"काय नाय, पिसं."

"कशाला?"

आता गोपनीय ना! मी म्हणलं, "असंच. लागतात जरा."

"मंग घ्या की ही, इतकी पडली हायत."

"ती नको, ती उजव्या पंखाची. मला डावीच पाहिजेत."

बाई, तिचं तोंड बघायचं होतं! पदर डोक्यावर ओढून घेतला तिनं. "फक्त डावीच कामून?" मी काय सांगणार? आणि तेवढ्यात तो मोठा हंस मागून आला, आणि असा चावला मला... कुठं ते विचारू नका, रिक्षात गुडघ्यावर बसून घरी आले मी. पण पिसं मिळाली. डावीच!

मग ती रात्रभर पाण्यात भिजवायची, दुसऱ्या दिवशी कढईत रेती तापवून त्यात देठ खुपसायचा, म्हणजे देठ कडक होतो. मी रेती भाजतेय, हे आले, म्हणले, "वा, शेंगदाणे!" आणि मी थांबा म्हणायच्या आत... जाऊ द्या. दोन दिवस बोलले नाय माझ्याशी. मग ब्लेडनं देठ तिरका कापायचा, मधोमध चीर द्यायची. एक कापलं, चीर वाकडी. दुसरं कापलं, बोट! आपा म्हणतात "आहिस्ता, आहिस्ता", आणि माझा पाय खाली टेबलाच्या दांडीवर ठेका धरून, ठक ठक ठक, तिकडं शाई सांडतीय. मन शांत होतं म्हणे!

तरी शिकले हो. मानपत्राचा मथळा नानासाहेबांनी काढून दिला होता, "विनाअपघात सेवेबद्दल हार्दिक अभिनंदन." मोठ्या अक्षरात. आपा म्हणल्या, पूरा नक्को लिखो, जो कठीण है वो पकडो. कठीण काय? 'विना' सोपं, सरळ. कठीण ते 'अपघात'. तो अ, त्याच्या पोटाचा बाक, तो घ, त्याचे दोन घुमट, शेवटी त ची शेपटी. म्हणून मी घरी तेवढाच शब्द धरला. कागदावर कागद! अपघात, अपघात, अपघात... शाई ओली, वाळवायचे कुठं? कपड्याच्या दोरीवर, चिमटे लावून. हे बाजारातून आले, दार उघडलं, पिशवी हातातून गळाली. "काय झालं? कुठं झाला? कोण होतं गाडीत?" मी म्हणलं, कुणी नाय हो, प्रॅक्टिस हाय! तर म्हणतात, "अपघाताची?"

आणि नेमकी त्याच दुपारी आवडाबाई आली. कडूबाला ताप भरला होता, डेपोच्या शेजारच्या दवाखान्यात आणला होता, जवळच हाय म्हणून ती माझ्याकडं डबा घ्यायला आली. तिला ओट्यावर चहा दिला, मी आत भाजी टाकतेय, ती ओट्यावरून डोकावली. काय दिसलं तिला? सगळ्या खोलीत काळ्या अक्षरात अपघात, अपघात, दोरीवर फडफडणारे, आणि खाली पाटावर तिच्याच हंसाची डावी पिसं, शाईत बुडवलेली, शेजारी कढईत काळी पडलेली रेती. अहो, मी जरी असते तरी पळाले असते! "अगं माय!" एवढंच म्हणली, चहा तसाच, डबा तसाच, चपला हातात घेऊन गेली. मी मागं पळतेय, "आवडाबाई, अहो ऐका, अहो थांबा", तर ती चालत्या रिक्षात बसली!

झालं. करणी! चतुराबाईनं कडूबावर करणी केली! का? म्हणे ती आधी घरी बसली, हा अजून गाडीवर, म्हणून जळती! त्याच आठवड्यात गाडीचं टायर बसलं, ते माझ्यामुळं. म्हैस आटली, ती माझ्यामुळं. कडूबाच्या स्टेअरिंगला लिंबू, दाराला बिब्बा, आणि तो स्वतः गाडी अशी हाकतोय म्हणे की सायकलवाले पुढं जातात. शेवटचे दिवस ना नोकरीचे! एवढ्यात काही झालं तर आयुष्यभराचा बिल्ला जायचा. मी फोन केला, उचलेना. परत केला. शेवटी उचलला. आवाज असा खोल गेलेला...

"मॅडम, माझं काय चुकलं आसंल तर माफ करा. पर गाडीत मानसं बसत्यात. त्यांच्यावर नका येऊ."

तुम्हाला सांगते, तोंडापर्यंत आलं होतं, अरे येड्या, तुझं मानपत्र हाय ते! पण तिकडं नानासाहेबांना शब्द दिलेला, इकडं समोर आमचे हे मान हलवतात, सांग सांग म्हणतात... आणि मी गिळला. मी! जिनं जन्मात शब्द गिळला नाय, सुट्ट्या पैशावरून कलेक्टर ऑफिसच्या साहेबाला उतरवलं होतं जिनं, तिनं गिळला. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. म्हणलं, कार्यक्रमात कळेलच त्याला. कागद असा काढते, असा काढते, की बघताक्षणी सगळं मनातलं निघून जाईल.

आणि काढला हो! आपांच्या घरी बसले. चांगला जाड कागद, नवीन पीस, काजळाची शाई. आपा शेजारी सुपारी कातरत. म्हणल्या, "आज हात नक्को देखो, साँस देखो." मी श्वास घेतला, टोक टेकवलं... आणि काय झालं मला बी नाय सांगता यायचं. बाहेर गल्लीत हॉर्न चालू होते, ते ऐकू येईनात. पाय हलेना. घाटातला कडूबा डोळ्यापुढं, हाताची घडी घातलेला, आणि हाताखाली तो अ असा उतरला, सायीवरून बोट फिरावं तसा. प. घ. त. पुढचं सगळं. मान वर केली तर उन्हं गेली होती. आपांनी कागद उजेडाला धरला, डोळ्यात पाणी त्यांच्या. "चतुराबाई, ये घ देखो. अब्बा रहते तो तुमकू गले लगाते." मी म्हणलं, आपा, मन शांत झालं हो! खरंच झालं! डॉक्टर खोटं नव्हता बोलत!

हां. आता कार्यक्रम.

वर्कशॉपच्या शेडमध्ये मांडव, खुर्च्या, हार, पेढे. कडूबा मधल्या खुर्चीत, बिल्ला लावून, पण माझ्याकडं बघत नाय. आवडाबाई पहिल्या रांगेत, पदरात काहीतरी बांधलेलं, माझी सावली पडली की पाय आखडून घेते. मी मनात म्हणतेय, थांब ग, थांब, आत्ता कळेल. नानासाहेब उठले. फीत सोडली, गुंडाळी उलगडली, कागद लोकांकडं करून दोन्ही हातानं उंच धरला आणि वरून मान वाकडी करून खड्या आवाजात वाचलं,

"अपघात सेवेबद्दल हार्दिक अभिनंदन!"

...

नानासाहेबांनी परत वाचलं, हळू, स्वतःशीच. "अपघात... सेवेबद्दल..." मागून एक मेकॅनिक विचारतो, "टाळ्या वाजवायच्या का?"

'विना' नाय! अहो 'विना' लिहिलाच नव्हता मी! इतके दिवस हाताला सवय तेवढ्याच शब्दाची, हात बसल्या बसल्या थेट 'अपघात'वर उतरला. आपा बघत होत्या घ चे घुमट, मी बघत होते अ चं पोट, आणि शब्द कुणीच वाचला नाय! जन्मात एकदा मन शांत झालं आणि त्या शांतीत 'विना' गेला!

आवडाबाई उठली. "बघा! म्या म्हनलं नव्हतं? डावी पिसं नेली व्हती हिनं! घरात दोरीवर टांगलं व्हतं हेच! आता चारचौघात वाचून बी घेतलं!" लोकं माझ्याकडं बघतात, मी लोकांकडं. आणि मग सुटले मी. सगळं सांगितलं. डॉक्टर, आपा, डावा पंख, रेती, नानासाहेबांचं गोपनीय, हंस चावला ते सुद्धा, सांगता सांगता रडायला लागले, रडता रडता नाक पुसलं ते शाईच्या फडक्यानं. म्हणलं, "कडूबा, तू घाटात गाडी थांबवली होतीस रे. तेवढं एक मला नीट अक्षरात सांगायचं होतं. ते बी धड जमलं नाय."

कडूबा उठला. नानासाहेबांच्या हातातून कागद घेतला, अक्षराखाली बोट धरून वाचला. मग हार बाजूला सारून तो टेबलावर पसरला.

"पीस हाय का संगं?"

पर्समध्ये होतं. शाई बी होती.

"मंग मॅडम, गाडी चुकीच्या फाट्याला लागली तर आपण काय करायचो? मागं घ्यायचो. घ्या मागं."

"जागा कुठं हाय रे? अ पार कडेला टेकलाय."

तर नानासाहेब एकदम अंगात आल्यासारखे, "हंसपद! चतुराबाई, हंसपद द्या!" म्हणजे ती खूण हो, शाळेत गाळलेलं अक्षर वर लिहिताना खाली टोपीसारखी द्यायचो ती. आवडाबाईचे डोळे परत मोठे. "अगं माय! आता पाय बी आमच्याच हंसाचा?" आणि तिथं पहिल्यांदा कडूबा हसला. असा हसला की बिल्ला हालायला लागला. मग सगळी शेड हसली, मेकॅनिकला टाळ्या बी वाजवता आल्या.

मी वाकले. कडूबा मागं उभा राहिला, गाडी रिव्हर्स घेताना मी जशी मागं उभी राहून त्याला सांगायची ना, तसा सांगायला लागला, "येऊ द्या... येऊ द्या... हळू... वर जागा हाय... येऊ द्या... बास!" वि. ना. खाली हंसपद. वाकडं झालं जरा. पण झालं! आवडाबाईनं पदरातलं सोडलं, ती बांधून आणलेली उदी होती, ती तिनं आधी कागदाला लावली, मग मला लावली, मग म्हणली, "म्हैस मातर खरंच आटली बरं का."

आता तुम्ही म्हणाल, संपलं, गोड झालं. कशाचं संपलं! डेपोत बातमी काय फिरली? की चतुराबाईनं आधी अपघात लिहिला आणि मग भरसभेत हंसाच्या पिसानं त्याला विना केला, म्हणजे येणारा अपघात तिनं परतवला! नवीन ड्रायव्हर, जुने ड्रायव्हर, रिक्षावाले, सकाळी ओट्यावर रांग. "मॅडम, एक कागद आमच्या काचेवर लावायला द्या." मी म्हणलं बरं, देते, आणि एका पोराला नीट, सरळ 'विनाअपघात' लिहून दिलं, तर परत घेऊन आला! म्हणे, "हे नको मॅडम. कडूबामामासारखं पाहिजे. आधी चुकायचं, मग हंसपद, मग वर विना. नाय तर गुण येत नाय." आणि पिसं आवडाबाई स्वतः आणून देते, निवडून, सगळी डाव्या पंखाची!

मग काय करणार? चुकते. रोज उठून, आंघोळ करून, शाई कालवून, सुबक अक्षरात चुकते. परवा आपा आल्या होत्या, माझ्या शेजारी बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. पाय हालत नव्हता, शाई सांडत नव्हती. पाठीवर हात ठेवला आणि म्हणल्या, "माशाल्ला चतुराबाई, अब तुम्हारा हात बैठ गया."

बसला म्हणे हात! बसला तो कशावर बसला, तर चुकीवर!